वाचनालयाची वेबसाइट : चार सेकंदांचा हिशेब

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

परवा विसर्जन, काल झोप, आज सकाळी कार्यवाह काकांचा फोन. "अरे, ती साइट उघडेपर्यंत माणूस कपाटातून पुस्तक काढून घरी पोचतो." साइट मी केलेली नाही, २०१७ मध्ये कुणीतरी करून दिली होती. पण गावात 'कॉम्प्युटरवाला' मीच, त्यामुळे ती माझीच. मुदत १५ ऑक्टोबर. वाचन प्रेरणा दिनाला शाळेतली मुलं येणार आणि मोबाइलवर पुस्तकं शोधून दाखवणार, असं काकांनी मुख्याध्यापकांना सांगूनही टाकलंय.

प्रत्येकाचं निदान तयार आहे. काका म्हणतात होस्टिंग स्वस्तातलं, एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं, शेजारी पाणी ओढतात. ग्रंथपाल ताई म्हणतात फोटो मोठे आहेत. माझा भाचा म्हणतो वर्डप्रेसच (साइट ज्या तयार सॉफ्टवेअरवर उभी आहे ते) काढून टाका. मी आज फक्त मोजलं.

वेबच्या फोल्डरात तीन गोष्टी ठेवून प्रत्येकीचा पहिला बाइट यायला किती वेळ लागतो ते पाहिलं, प्रत्येकी दहा वेळा, मधली किंमत घेतली. रिकामी टेक्स्ट फाइल : ०.७४ सेकंद. एका ओळीची पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) फाइल : ०.७७. वर्डप्रेसचं मुखपृष्ठ : ४.१.

पहिला आकडा अंतराचा आहे. सर्व्हर अमेरिकेत, जाऊन-येऊन एक फेरी २३० मिलिसेकंदांची. नवीन जोडणीला एक फेरी, कुलूपकिल्लीच्या (सुरक्षित जोडणीच्या) बोलणीला एक, मागणीला एक. तीन फेऱ्यांचेच ०.६९ झाले. दुसरा आकडा सांगतो की पीएचपी सुरू व्हायला सर्व्हर कुरकुरत नाही. म्हणजे शेजाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. उरलेले ३.३ सेकंद आमच्याच घरात मुरतायत, आणि ते फोटो मागवण्याच्या आधीचे आहेत.

इतर नोंद : मुखपृष्ठाचं वजन ८.४ एमबी, ११८ विनंत्या. ताईंच्या साध्या अँड्रॉइडवर मुख्य चित्र दिसायला १२ सेकंद. पुस्तकशोध ९ ते १४ सेकंद, कधी थेट '५०८' क्रमांकाची एरर. गूगलच्या पेजस्पीड या वेग मोजायच्या साधनात खऱ्या वापरकर्त्यांची आकडेवारी येतच नाही, तेवढी वर्दळ नाही. ताईंचा फोन हीच आमची प्रयोगशाळा.

१० सप्टेंबर

हात लावण्याआधी बॅकअप. होस्टिंगच्या पॅनेलमधून घेतला तर ९ जीबी. एवढं काय आहे म्हणून पाहिलं, तर जुन्या बॅकअप प्लगइनने (प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला जोडायची पुरवणी) १४ झिप फाइली वेबच्या फोल्डरातच रचून ठेवलेल्या, ५.८ जीबी. पत्ता ठाऊक असेल त्याने सभासदांच्या फोन नंबरांसकट सगळा डेटाबेस उतरवून घ्यावा, इतक्या उघड्यावर. वेगाशी याचा संबंध नाही, पण आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच झालं. एक प्रत घरच्या डिस्कवर, बाकी पुसल्या.

सबडोमेनवर (साइटच्याच एका उपपत्त्यावर) चाचणीची प्रत उभी केली, तिला पासवर्ड लावला.

११ सप्टेंबर

पीएचपी अजून ७.४ वर. त्या आवृत्तीचा सांभाळ नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबला. चाचणीच्या प्रतीवर ८.३ केलं आणि पांढरं पान. एरर लॉगमध्ये बोट एका स्लायडरच्या प्लगइनकडे : मजकुरातलं एखादं अक्षर महिरपी कंसात क्रमांक देऊन उचलायची जुनी पद्धत ८.० पासून बंद झाली आहे, आणि या गृहस्थांनी ती चाळीस ठिकाणी वापरली होती. दुरुस्त करत बसलो नाही. तो स्लायडर २०१९ च्या स्नेहसंमेलनाचे फोटो फिरवत होता. काढला.

ओपकॅश (पीएचपीने एकदा उलगडलेला कोड लक्षात ठेवायची सोय) चालू आहे याची पॅनेलमध्ये खात्री केली. रात्री अकराला मूळ साइटवर बदल. ४.१ चे २.९ झाले.

१४ सप्टेंबर, रविवार

दिवसभर हेच. क्वेरी मॉनिटर लावून एका मुखपृष्ठामागच्या डेटाबेस-क्वेऱ्या मोजल्या : ४१२. प्लगइन ३१. यातली अकरा कशासाठी आहेत ते ताई, काका आणि मी मिळूनही सांगू शकलो नाही.

खरा साप ऑप्शन्स टेबलात, म्हणजे सेटिंग्जच्या तक्त्यात, निघाला. वर्डप्रेस कुठलंही पान बनवताना या टेबलातल्या 'ऑटोलोड' खूण असलेल्या सगळ्या ओळी एका दमात उचलतं, लागोत न लागोत. त्यांचं वजन ८०० केबीच्या वर गेलं की वर्डप्रेसचं 'साइट हेल्थ' हे तपासणीचं पान तक्रार करतं. आमच्याकडे ४.६ एमबी. लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावल्या तर पहिल्या सात ओळींतच चार एमबी, आणि त्यातल्या पाच ओळी कधीच काढून टाकलेल्या प्लगइनच्या. भाडेकरू गेला, सामान माळ्यावरच. एकेका ओळीची खूण आधी 'नको' केली, दोन तास थांबलो, काही बिघडलं नाही म्हणून मग पुसली. घाईने थेट पुसू नये, एकदा हात पोळलाय. आता ३८० केबी.

प्लगइन ३१ चे १७. पहिला बाइट २.० सेकंदांवर.

पंधरावंही काढायचं होतं पण काका आडवे आले : मुखपृष्ठाच्या तळाशी 'आपण ११,४३,२०७ वे वाचक' असं सांगणारा आकडा. प्रत्येक भेटीला डेटाबेसमध्ये लिहितो, आणि पान दर वेळी वेगळं असल्यामुळे कॅश करता (तयार पान साठवून तेच पुन्हा देता) येत नाही. काका म्हणाले, "साइट हळू चालू दे, पण तो राहू दे. वार्षिक अहवालात जातो." पुढे बघू.

१७ सप्टेंबर

ॲक्सेस लॉग (कुणी काय मागितलं याची सर्व्हरची नोंदवही) उतरवून वाचला. कालच्या एका दिवसात ४१,००० विनंत्या. यातल्या माणसांच्या किती?

एक्सएमएल-आरपीसीच्या (बाहेरच्या ॲपमधून साइटवर लिहायच्या वाटेच्या) फाइलीवर ६,२०० धडका, लॉगिनच्या पानावर ३,९००. दोन्ही पासवर्ड फोडू पाहणाऱ्या यंत्रांच्या. आणि १७,००० पुस्तकसूचीच्या गाळण्यांवर. सूचीत भाषा, विषय, वर्ष आणि क्रम निवडायचे दुवे आहेत. प्रत्येक जोडीचा वेगळा पत्ता, त्यात पानांचे क्रमांक, म्हणजे दुव्यांना अंतच नाही. रांगणारे बॉट (आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम) त्या चक्रव्यूहात शिरतात आणि अभिमन्यूसारखे बाहेर येत नाहीत. एकेका पानाला आमची बिचारी साइट दहा सेकंद झिजते.

इथे ५०८ चं कोडं सुटलं. आमच्या खात्याला एका वेळी २० पीएचपी विनंत्यांची मुभा आहे. एकेक विनंती चार सेकंद आत बसली तर सेकंदाला पाचच गिऱ्हाइकं सुटतात, सहावं आलं की रांग तुंबते. तीच विनंती ०.८ सेकंदात उठली तर त्याच वीस खुर्च्यांवर सेकंदाला पंचवीस जण जेवून जातात. होस्टिंगच्या मदतकक्षाने मागच्या वर्षी काकांना 'वरचा प्लॅन घ्या' सांगितलं होतं. खुर्च्या वाढल्या असत्या, जेवण तेवढंच रेंगाळलं असतं.

केलेली कामं : एक्सएमएल-आरपीसी सर्व्हरच्या नियमफाइलीतूनच बंद (मोबाइल ॲपमधून कुणी लिहीत नाही, ताईंना विचारून घेतलं). गाळण्यांचे दुवे बटणांमध्ये बदलले आणि रोबोट्स फाइलीत मनाई लिहिली. ती मनाई ही विनंती असते, सभ्य बॉट पाळतात. उद्धटांपैकी तिघांना नावानिशी नियमफाइलीत अडवलं.

शिवाय डब्ल्यूपी-क्रॉन. वर्डप्रेसची वेळापत्रकातली कामं कुणी साइटवर आलं की त्या निमित्ताने चालतात. म्हणजे बॉटच आमची घंटा वाजवत होते. कॉन्फिग फाइलीत एक ओळ घालून ते बंद केलं आणि पॅनेलमधून दर १५ मिनिटांनी चालणारा खरा क्रॉन (सर्व्हरचं वेळापत्रक) लावला.

काकांना आकडा सांगायचं धाडस आज झालं नाही.

२० सप्टेंबर

सर्व्हरचं सॉफ्टवेअर लाइटस्पीडचं, त्यामुळे त्याच्याच कॅशचं प्लगइन. तयार पान सर्व्हर स्वतः देतो, पीएचपीला उठवतच नाही. उत्तराच्या हेडरमध्ये 'हिट' (साठवलेली प्रत सापडली) दिसलं, ०.७८ सेकंद. रिकाम्या फाइलीला ०.७४ लागतात, तेव्हा या सर्व्हरवर याहून खाली जायला जागाच नाही.

आकड्याचं जमवलं. पान कॅशमधून येतं, ते उघडल्यावर ब्राउझर एका सुट्या छोट्या पीएचपी फाइलीला हाक मारतो. तिच्यात वर्डप्रेस नाही, ती एका टेक्स्ट फाइलीतला आकडा कुलूप लावून एकाने वाढवते. जावास्क्रिप्ट न चालवणारी यंत्रं आपोआप गळतात. काकांना समजावलं की जुन्या अकरा लाखांत बहुतेक मंडळी माणसं नव्हती. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग गेल्या वर्षीच्या अहवालाचं काय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नवा आकडा शून्यापासून.

२१ सप्टेंबर

माझी घोडचूक, लिहून ठेवतो. सकाळी ताईंचा फोन : "एका आजोबांना 'माझी पुस्तके' पानावर दुसऱ्याच बाईंनी नेलेली पुस्तकं दिसतायत." कॅश. कॅशचं प्लगइन वर्डप्रेसमध्ये लॉगिन केलेल्यांना वगळतं, पण आमच्या सभासदांचं लॉगिन वर्डप्रेसचं नाहीच, २०१७ च्या त्या कुणीतरी स्वतःची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवायची ओळखचिठ्ठी) लिहिली आहे. प्लगइनला सगळे सभासद पाहुणेच वाटले. पहिल्या बाईंचं पान साठवलं आणि पुढच्या सगळ्यांना तेच वाढलं.

अर्ध्या तासात सगळी कॅश रिकामी केली, सभासदांचा पूर्ण विभाग आणि ती कुकी वगळली. दोन फोनवर दोन वेगळ्या खात्यांनी तपासलं. हे काल करायला हवं होतं. ताईंनी आजोबांना फोन केला, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट त्या बाईंचं एक पुस्तक आवडलं म्हणून राखून ठेवायला सांगितलं. त्या बाईंना मात्र मी स्वतः फोन करून सांगितलं.

२४ सप्टेंबर

पुस्तकसूची. कॅश इथे कामाची नाही, प्रत्येकाचा शोध वेगळा.

३८,४१२ पुस्तकं. सूचीच्या प्लगइनने प्रत्येक पुस्तकाची एक 'पोस्ट' केलीय आणि लेखक, प्रकाशक, विषय, भाषा, दाखल क्रमांक, वर्गांक, वर्ष, किंमत, कपाट अशा नऊ गोष्टी पोस्टमेटा टेबलात नऊ ओळींत. म्हणजे साडेतीन लाख ओळी. त्या टेबलात किल्लीच्या नावाला ('लेखक', 'भाषा' वगैरे) इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, आहे, तिच्यासमोरच्या मजकुराला नाही. 'लेखक अमुक, भाषा मराठी, कपाटात शिल्लक' असं विचारलं की हे टेबल स्वतःशीच तीनदा जोडलं जातं. नऊ सेकंद त्यातच जातात.

इंडेक्स लावून भागवावं असा पहिला विचार होता. पण शब्दाच्या मधला तुकडा शोधायचा असेल तर नेहमीचा इंडेक्स बिनकामाचा, तो सुरुवातीपासून जुळणाऱ्यालाच ओळखतो. मग वेगळं, सपाट टेबल केलं : एका पुस्तकाला एक ओळ. आणि गंमत म्हणजे इंडेक्स नसतानाही पूर्ण टेबल वरपासून खालपर्यंत चाळायला ४० मिलिसेकंद. अडतीस हजार ओळी म्हणजे डेटाबेसला दाढेखालीही न येणारा घास आहे. इतके दिवस तो घास नऊ ताटांत वाढून ठेवला होता. दाखल क्रमांकाला तेवढा इंडेक्स दिला.

खरा वेळ गेला तो मराठीत. एकाच लेखकाच्या नोंदी 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे', 'देशपांडे, पु. ल.' अशा. त्यात 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकलेला : कुठे खालच्या टिंबाचा ऱ वापरून, कुठे साध्या र ला हलन्त देऊन मध्ये अदृश्य जोडखूण घालून. डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या नोंदींत तर त्या अदृश्य खुणा नको तिथेही पडल्यात. म्हणून टेबलात 'शोधरूप' नावाचा एक रकाना : टिंबं, स्वल्पविराम, जागा आणि अदृश्य खुणा काढलेल्या, ऱ चा र केलेला. वाचकाने टंकलेल्या शब्दावरही तीच क्रिया. उलटसुलट नावांसाठी लेखकाची दोन्ही रूपं.

रात्री उत्साहाच्या भरात टंकता टंकता खाली यादी येईल अशी सोय केली. अक्षरागणिक शोध. शोध आता अंतरासह ०.८ सेकंदात येतो, बारा नव्हे. ताई दहा मिनिटं नुसत्या शोधत बसल्या होत्या.

जाता जाता : पुस्तकांचे पत्ते मधेच का तुटलेत तेही कळलं. पत्त्यात देवनागरीतल्या एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात आणि वर्डप्रेस पत्त्याच्या रकान्यात २०० च ठेवतं. काना-मात्रा धरून बावीस चिन्हांत नाव संपलं पाहिजे. नव्या पत्त्यांत दाखल क्रमांक वापरायचं ठरवलं.

२८ सप्टेंबर

आता फोटो. ताईंचं निदान चुकीचं नव्हतं, क्रम चुकला होता. बालविभागाच्या उद्घाटनाचा एकच फोटो ३.१ एमबी, फोनमधून आला तसा, आणि पानावर दिसतो ३८० पिक्सेल रुंद. सगळे वेबपी या हलक्या चित्रप्रकारात बदलले, ५.१ एमबीचे ०.४२ झाले.

तरी ताईंच्या फोनवर वरचं मोठं चित्र उशिराच. थीमने सगळ्याच चित्रांना 'लागेल तेव्हा आण' अशी खूण लावली होती, अगदी पहिल्या पडद्यावरच्या चित्रालाही. त्याची खूण काढून त्याला अग्रक्रम दिला. चार सेकंदांच्या खाली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी लॅपटॉप, राउटर आणि हार्डडिस्कला हळदकुंकू. आई म्हणाली माउसला पण लाव.

दुपारी फॉन्ट. मुक्ता वापरलाय, मुंबईच्या एक टाइपचा, मोकळ्या परवान्याचा, मला आवडतो. पण सातही वजनं लादलेली, टीटीएफमध्ये, मिळून २.२ एमबी. पानावर लागतात दोन. देवनागरी फॉन्ट जात्याच जड असतो, जोडाक्षरांच्या आकृत्या पोटात असतात.

एका ऑनलाइन कातरीने तो बारीक केला, तर 'ग्रंथालयाच्या'चे हलन्त उघडे पडले. तिने अक्षरं ठेवली पण ती जोडायचे नियमच कापून टाकले. मग फॉन्टटूल्स या फॉन्ट कापायच्या साधनाने केलं, जोडाक्षरं शाबूत. तरी काही ठिकाणी 'सभासदांच्या दुसऱ्या' यातला दुसरा शब्द वेगळ्याच वळणात. पुन्हा ती अदृश्य जोडखूण! मी युनिकोडची ०९०० ते ०९७एफ एवढीच पट्टी दिली होती, जोडखूण २००डी वर राहते. २००सी आणि २००डी दोन्ही आत घेतल्या, रुपयाचं चिन्हही आठवणीने. हिंदी साइट करणाऱ्याला हे कदाचित कधी खटकणार नाही. आपल्याला 'ऱ्या' आणि 'र्‍ह' रोज लागतात.

वूफ२ या वेबसाठी दाबलेल्या फॉन्टप्रकारात दोन्ही वजनं मिळून १९० केबी. फॉन्ट येईपर्यंत फोनच्याच फॉन्टमध्ये मजकूर दिसू दे, अशी सूचना दिली.

७ ऑक्टोबर

शेवटी अंतर. क्लाउडफ्लेअर या ठिकठिकाणी सर्व्हर असलेल्या मध्यस्थ सेवेचा फुकट प्लॅन पुढे उभा केला. जोडणी आणि कुलूपकिल्लीची बोलणी मुंबईतच उरकते, समुद्रापार फक्त एक फेरी. मुखपृष्ठ ०.३४. चित्रं-फॉन्ट जवळूनच. पानं तिथे साठवायची नाहीत असं ठरवलं, आजोबांचा प्रसंग ताजा आहे.

मेलचा पत्ता मात्र या आडोशामागे ठेवायचा नाही, मेल त्यातून जात नाही. तासभर वाचनालयाचा मेल बंद होता, ते यामुळे.

शोधाच्या पत्त्यावर एक मर्यादाही लावली : एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) १० सेकंदांत २० विनंत्या झाल्या की १० सेकंद बंदी. उरल्यासुरल्या बॉटसाठी.

ताईंचा फोन : मुख्य चित्र २.३ सेकंदांत. पानाचं वजन एक एमबीच्या जरा आत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

४२ मुलं. काकांचं भाषण, पुष्पहार, मग "मुलांनो, शोधा!" पहिली दोन मिनिटं सुरेख. नंतर एकदम सगळ्यांच्या फोनवर '४२९', म्हणजे 'फार विनंत्या झाल्या'.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सर्व्हरचा आलेख पाहिला, वीसपैकी तीन खुर्च्या भरलेल्या. सर्व्हर निवांत होता. आणि मग उमगलं : सगळी मुलं वाचनालयाच्या एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरून एकच आयपी, आणि माझी ती अक्षरागणिक यादी. बेचाळीस मुलं 'श्यामची आई' टंकतायत, हे माझ्याच नियमाला बॉटचा हल्ला वाटला. खांबाआड उभं राहून फोनवरून नियम बंद केला. मुलांच्या मते वायफाय गेलं होतं. काकांच्याही मते तेच, मी दुरुस्ती केली नाही.

सर्वाधिक एकाच वेळी ७ पीएचपी विनंत्या. ५०८ एकदाही नाही. एका मुलीने आजोबांनी लिहिलेलं पुस्तक शोधलं, सापडलं, कपाट १४.

संध्याकाळी तळाचा आकडा १,९०८. काका विचारत होते, "ही सगळी माणसंच ना?" बहुतेक, म्हणालो.

बाकी कामं : अक्षरागणिक यादीला तीन अक्षरांनंतर सुरुवात आणि टंकणं थांबल्यावर एक तृतीयांश सेकंद वाट. मर्यादेचा नियम पुन्हा लावताना आकडा वाढवणे. यंदाच्या दिवाळी अंकांची यादी ताई एकोणीसपर्यंत देणार आहेत, मुखपृष्ठांच्या फोटोंसकट. फोटो आधी माझ्याकडे पाठवा, थेट चढवू नका, असं दोनदा सांगितलंय.